आभार मानायच्या आधी

माझा पहिला शोधनिबंध मॅडमकडून परत आला, तेव्हा सुरुवातीच्या पानांवर नुसत्या रेघा होत्या. वरच्या कोपऱ्यातून निघून खालच्या कोपऱ्यात उतरलेल्या, तांबड्या, पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. तिसऱ्या पानाच्या मध्यावर शेवटची रेघ थांबली होती आणि तिथं समासात त्यांनी लिहिलं होतं, "निबंध कुठून सुरू होतो?"

ती अडीच पानं ऋणनिर्देशाची होती. सगळा निबंध जेमतेम दहा-अकरा पानांचा.

बाकी कशातही चुकले तरी ह्या भागात चुकणार नाही, असं मला वाटलं होतं. त्याला कारण होतं. बेळगावात आल्यापासून मी एका झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करते. लग्नपत्रिका, भाडेकरार, आणि उन्हाळा जवळ आला की लोकांचे प्रबंध. प्रबंधातलं मधलं मला सुरुवातीला काही कळायचं नाही. बोटं चालायची, डोकं बाजूला बसायचं. पण पहिली दोन-तीन पानं कळायची. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, आई-वडील, पत्नी, आणि अगदी शेवटी 'सुबक टंकलेखन करून देणारे' आमचं दुकान. त्या शेवटच्या ओळीत नाव दुकानाचं असलं तरी बोटं माझी असायची, म्हणून ती ओळ मी जरा सावकाश टाइप करायची. शिकलेला माणूस आधी वाकतो आणि मग बोलतो, हे मी तिथं बसून शिकले.

आणि वाकायला माझ्याकडं त्यांच्यापेक्षा जास्त कारणं होती. मी मूळची हिंगोलीकडची. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, पुढची शेजारच्या गावात. आठवीला आम्ही चौघीजणी मिळून चालत जायचो. त्यातल्या तिघींची एकामागून एक लग्नं ठरली, आणि एकटीनं त्या वाटेनं जाणं वडिलांना पटलं नाही. शाळा सुटली ती अशी, कुणी मारलं नाही की रागावलं नाही. पुढं माझंही लग्न झालं. नवऱ्याला बेळगावात फौंड्रीत काम मिळालं आणि आम्ही खासबागेत एका विणकराच्या घराच्या माडीवर राहायला आलो. खाली माग, वर आम्ही. दहावी बाहेरून दिली, पुढचं सगळं मुक्त विद्यापीठातून. प्रत्येक पायरीवर कुणीतरी अर्ज भरून दिला, कुणी पुस्तक दिलं, कुणी नुसतं 'दे की परीक्षा' म्हटलं. एवढ्या लोकांचं देणं पानभरात कसं मावणार?

संशोधनाला मार्गदर्शक शोधत होते, तेव्हा दोघांनी माझ्या गुणपत्रिका उलटसुलट करून विचारलं, "आठवी आणि दहावीच्या मधे एवढी वर्षं कुठं होता?" मॅडमनी ते विचारलं नाही. मी खोलीत शिरले आणि उभ्यानंच त्यांचे आभार मानायला लागले, तर त्या म्हणाल्या, "ते नंतर. विषय सांगा."

विषय मला इथंच सापडला होता. निपाणीच्या बाजूला जैन शेतकऱ्यांच्या घरांत दोन भाषा नांदतात, मराठी आणि कन्नड. एकाच चुलीपाशी बसलेली बाई लेकाशी एकीत बोलते आणि सुनेशी दुसरीत. कुठल्या वेळी कुठली, आणि का, हे मला बघायचं होतं. हिंगोलीहून आलेल्या बाईला हे नवल वाटणारच. नवलं मला इथं पावलोपावली होती. इथल्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. पहिल्या महिन्यात घरमालकीणबाई जिन्याखालून 'मी आलो गं' म्हणाल्या, तर आवाज बाईचा आणि बोलणं बाप्याचं, म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन मागं सरले होते.

काही घरांत जाऊन, फोनवर रेकॉर्डिंग करून मी निबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष असा होता, 'रागाची भाषा कन्नड, मायेची मराठी.' हे वाक्य मला फार आवडलं होतं.

हा निबंध विद्यापीठाच्या समितीपुढं वाचायचा होता. समितीला पटला तर माझी नोंदणी कायम होणार, नाही पटला तर नाव रद्द. नंतर पुन्हा प्रयत्न करता आला असता, पण मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या, आणि माझ्या गुणपत्रिकांमधली ती रिकामी वर्षं बघूनही मला घेणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

रेघा मारलेली पानं काढून टाकून मी निबंध पुन्हा पाठवला. आता मॅडमचे निरोप फोनवर बोलून रेकॉर्ड केलेले यायला लागले. त्या बसमध्ये असायच्या. मागं कंडक्टरची शिट्टी, पुढं त्यांचा आवाज. मला इयरफोन लावून ऐकायची सवय नाही, त्यात खाली माग चालू असले की आवाज मोठा करावाच लागतो. एकदा घरमालकीणबाई, ज्यांना मी आक्का म्हणते, वाळत घातलेलं सूत बघायला गच्चीवर आल्या आणि दारात थांबल्या. फोन बोलत होता, "पान चार. पहिलं वाक्य निरर्थक. दुसरं वाक्य पहिल्याचंच भाषांतर. 'माझ्या अल्पमतीनुसार' हे पुन्हा दिसलं तर मी पुढं वाचणार नाही."

"कोण गं ही बाई?"

"माझ्या मॅडम, आक्का."

"पगार देती व्हय तुला?"

"नाही. उलट मीच विद्यापीठात फी भरते."

आक्कांनी फोनकडं बघितलं. "म्हंजे पैसे भरून बोलून घ्यायलीस म्हण की. निरर्थक म्हंजे काय?"

"ज्याला अर्थ नाही ते."

"एवढंच व्हय. मला वाटलं, काय तरी घाण बोलली." मग सूत उचलता उचलता म्हणाल्या, "पर अल्पमती कशाला लिवलीस तू? मती कमी हाय ते आपण हून कशाला सांगायचं? कळंल की त्यांचं त्यांना."

मी अल्पमती काढली. 'कदाचित', 'असे म्हणता येईल का', 'जाणकारांनी क्षमा करावी' हेही काढलं. निबंध आणखी बारीक झाला. प्रत्येक शब्द काढताना अंगावरची शाल कुणी ओढून नेतंय असं वाटायचं. मॅडमचा पुढचा निरोप एवढाच आला, "रेकॉर्डिंग घेऊन या. सगळं."

त्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला मी. मधे माझा फोन. त्यांनी निपाणीजवळच्या आज्जींचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ह्या आज्जी माझ्या निबंधाचा मुख्य आधार होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, तंबाखूची शेती बघितलेल्या, अजून स्वतः भाकरी थापणाऱ्या. फोनमधून त्यांचा आवाज आला.

"राग आला की कन्नडच येतंय बघ तोंडात. लगीन करून आलो तवा..."

आणि लगेच माझा आवाज. "लई छान माहिती दिलीत आज्जी. लई उपकार झाले बघा तुमचे."

थोडी शांतता. मग आज्जी, "व्हय? मग च्या ठेवतो." भांड्यांचा आवाज.

मॅडमनी थांबवलं. "लग्न करून आल्यावर काय?"

"माहीत नाही मॅडम."

"का माहीत नाही?"

त्यांनी पुढं सरकवलं. आज्जी म्हणत होत्या, "आमची सासू म्हंजे..." आणि पुन्हा मी, "थँक्यू आज्जी, तुम्ही एवढा वेळ दिलात."

"सासू म्हणजे काय?"

त्यांनी आणखी दोन ठिकाणी लावून दाखवलं. मला आधी कधी ते ऐकू आलं नव्हतं. मी घरी तीच रेकॉर्डिंग ऐकून निबंध लिहिला होता, पण माझा आवाज आला की मी तो भाग पळवायची. स्वतःचा आवाज ऐकायला कुणाला आवडतं?

"ऐकलंत? जिथं जिथं तुम्ही आभार मानलेत, तिथं तिथं ती बाई गप्प झालीय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तो कधीच चढत नाही. "ती दार उघडते आणि तुम्ही बाहेरून कडी घालता. तुम्हाला माणसांची भीती वाटते. त्या भीतीला तुम्ही कृतज्ञता म्हणता. ह्या निबंधात तिचं एक पूर्ण वाक्य नाही. हा मी समितीपुढं जाऊ देणार नाही."

मला रडू आलं. त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. "रडायचं असेल तर बाहेर बाकावर बसा. पंखा तिथंही आहे. झालं की पाणी पिऊन घरी जा. आणि पुन्हा त्यांच्याकडं जा. एकदाही आभार मानायचे नाहीत."

बाकावर बसले. पंखा होता, पण लाइट गेलेली होती.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो फौंड्रीतून येऊन हात धूत होता. त्याला वाईट वाटेल, तो म्हणेल सोड ते, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "तुझ्या मॅडमचं तसं बरोबर हाय. मी तुला एखाद्या वेळी चहा करून दिला की तू लगेच थँक्यू म्हणतीस. मला वाटतं, कप ठेव आन् निघ म्हणायली."

"मग बोलायचंस ना."

"कधी बोलू? निघायला लागतंय ना."

मला त्याचाही राग आला. गच्चीवर जाऊन मी मॅडमना निरोप लिहायला घेतला, की मला हे जमणार नाही, माझं नाव काढा. लिहिलं, 'आदरणीय मॅडम, आपण माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल मी आपली जन्मभर ऋणी राहीन.' आणि बोट थांबलं. संपवायचं होतं, म्हणून मी आभारानंच सुरुवात केली होती. दुसऱ्या कुठल्या शब्दानं संपवता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

आक्का तिथंच सूत गोळा करत होत्या. त्यांच्या भजनी मंडळाचा आदल्या दिवशी काही कार्यक्रम झाला होता. मी विचारलं, "कसा झाला कालचा कार्यक्रम?"

"बरा झाला. पर अध्यक्षीण बोलायला उठली आन् सुरवातीलाच समद्यांचे आभार मानत बसली. अर्ध्या बायका उठून चपला घालायला गेल्या. त्यांना वाटलं, झालं. मी पण उठलो. परत बोलवून आणलं आम्हास्नी."

आक्का हसत होत्या. मला हसू आलं नाही. आम्हा मराठी लोकांत आभार म्हणजे कार्यक्रमाचा शेवट. माइकपाशी कुणी आभार मानायला उभं राहिलं, की सगळ्या सभागृहाचे पाय खुर्चीखाली चपला शोधायला लागतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आज्जींनाही माहीत होतं. मी आभार मानले आणि त्यांना वाटलं, झालं, आता ही पोर निघणार. त्या चहा ठेवायला उठल्या. पाहुणीला चहा पाजूनच पाठवायची.

तो निरोप मी पाठवला नाही. पुसलाही नाही, तसाच अर्धा राहू दिला.

दुकानातून सुट्टी काढून पुन्हा निपाणीच्या बसमध्ये बसले. संकेश्वर गेल्यापासून मनात एकच चाललं होतं, तोंड बंद ठेवायचं. आज्जींच्या घरी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण होतं, म्हणून भाकरीची तयारी चालली होती. नळाच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं बांधलेलं, परातीत पीठ. मला बघून त्या म्हणाल्या, "परत आलीस व्हय गं? त्या दिवशी काय राहिलं?"

"तुमचंच राहिलं, आज्जी. लग्न करून आलात तेव्हाचं."

"ते काय सांगायचं आता." त्यांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली. बोलल्या नाहीत. मी भिंतीला टेकून बसले. गप्प बसणं एवढं अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं. घशाशी सारखं येत होतं, राहू द्या आज्जी, तुम्हाला त्रास होत असेल, तुम्ही आधीच एवढं दिलंय. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. भाकरी उलटली. फुगली. दुसरी पडली.

"तवा मला मराठी येत न्हवतं," त्या तव्याकडं बघत म्हणाल्या. "माहेर तिकडं रायबागच्या अंगाला, समदं कन्नड. हितं सासू मराठी बोलायची, नवरा मराठी. मग मी भाकरी करताना मनातलं कन्नडात बोलत बसायचो. तव्याला सांगायचो."

तिसरी भाकरी तव्यावर पडली.

"राग आला की सांगायचो. पर रागच न्हवं समदा. आईची आठवण आली की ती बी तव्यालाच. पोटात पहिलं पोर ऱ्हायलं, ते पण पहिल्यांदा तव्याला सांगितलं. सासू बाजूला बसून भाजी निवडायची. तिला काय कळतंय म्हणून मी बिनघोर."

भाकरी उतरवली. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली, त्यांनी तिकडं बघितलं, परत पीठ घेतलं. मी बोटाचा पदर सोडला आणि परत गुंडाळला.

"तिला समदं कळत हुतं," आज्जी म्हणाल्या.

आता विचारावंच लागलं. "कशावरून?"

"म्हातारपणी अंथरुणाला खिळली. एक दिवस दुपारी मला म्हणाली, स्वल्प नीर कोड. थोडं पाणी दे म्हणाली कन्नडात. चांगलं स्वच्छ. तिची आई बी कन्नडच हुती म्हणं. मला कुणी सांगितलंच न्हवतं. एवढी वर्सं बाजूला बसून ऐकली बघ समदं. मी तिला नावं ठेवलेली, ती पण. एकदा बी उलटून बोलली न्हाय."

"कळतंय असं दाखवलं का नाही त्यांनी?"

आज्जींनी माझ्याकडं बघितलं, जरा खुळ्याकडं बघावं तसं. "दाखवलं असतं तर मी बोलायचं थांबलो असतो न्हवं. मग कुठं बोलायचो?"

मला त्या वेळी हिंगोलीची आठवण झाली. मीही इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मनातलं कुणाशी बोलले, ते आठवत बसले. माझ्या खाली माग होते. मागांच्या आवाजात काहीही बोललं तरी चालतं. आक्कांना किती ऐकू आलं असेल, कोण जाणे.

आज्जींनी मला जेवायला वाढलं. निघताना मी त्यांच्या पाया पडले आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "परत ये. अजून लई हाय."

बसमध्ये बसल्यावर कळलं, की 'रागाची भाषा कन्नड' हे माझं आवडतं वाक्य गेलं. तशी सगळी पानंच गेली. आज्जींची कन्नड नुसती रागाची नव्हती. ती घरात एकटं असताना बोलायची भाषा होती, आणि ऐकणारं माणूस शेजारीच बसलेलं होतं. समितीला थोडेच दिवस उरले होते. मी निबंध पहिल्यापासून लिहिला. आज्जींची वाक्यं अख्खी ठेवली. जिथं मला कळलं नव्हतं, तिथं 'हे मला कळलेलं नाही' असं लिहिलं, अल्पमती न म्हणता.

मॅडमचा निरोप बसमधूनच आला. "सहावं पान ठीक. सुरुवात अजून लांबलेली आहे. शेवटचा परिच्छेद काढा, तो भाषण आहे. मग चालेल."

आक्का जिन्यात होत्या. म्हणाल्या, "आज बरी दिसती गं तब्येत तिची."

समितीचा दिवस. लांब टेबल, मागच्या रांगेत इतर विद्यार्थी आणि काही प्राध्यापक. माझ्या आधी वाचणाऱ्यांनी सगळ्यांनी सुरुवातीला आभार मानले आणि शेवटीही मानले. मी कागद उघडला आणि 'ह्या घरात तवा ऐकणारा आहे' ह्या वाक्यानं सुरुवात केली. मॅडम खिडकीकडं बघत बसल्या होत्या, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. आज्जींच्या सासूनं पाणी मागितलं, तिथं निबंध संपत होता. तेवढं वाचलं आणि मी थांबले.

कुणालाच कळलं नाही की संपलंय. समिती माझ्याकडं बघत होती, मी कागदाकडं. आभाराचं वाक्य घशापर्यंत आलेलं होतं, मी ते गिळलं. मागच्या रांगेत एका वयस्कर प्राध्यापकांनी चप्पल काढून ठेवली होती. त्यांचा पाय ती शोधायला निघाला होता, तो अर्ध्यात थांबला.

मग समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "सासूला कन्नड येत होतं, हे सुनेला कळल्यावर त्या दोघी कुठल्या भाषेत बोलायला लागल्या?"

मला ते माहीत नव्हतं. "विचारलेलं नाही," मी म्हणाले. "परत जाणार आहे, तेव्हा विचारते."

मागच्या प्राध्यापकांनी पाय आत घेतला आणि त्यांच्या घरी त्यांची आई गाईशी कुठल्या भाषेत बोलायची ते सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या एकांना ते पटलं नाही. बराच वेळ कुणी उठलंच नाही. चहावाला दारात येऊन दोनदा परत गेला.

माझी नोंदणी कायम झाली. बाहेर मॅडम जिना उतरताना म्हणाल्या, "दोन ठिकाणी घाईत वाचलंत. आणि तो शेवटचा प्रश्न तुम्हाला आधीच सुचायला हवा होता."

"हो मॅडम," मी म्हणाले, आणि त्यांच्या मागोमाग गप्प उतरत राहिले. खालच्या पायरीवर त्या थांबल्या. बसला वेळ होता म्हणून असेल. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरी कोण कन्नड बोलायचं, ते त्या मला सांगायला लागल्या.